वरचा हात, खालचा हात

देणारा हात वरचा, घेणारा हात खालचा, आणि वरचा हात खालच्यापेक्षा बरा, ही शिकवण आपल्या घरांतून लहानपणीच कानावर पडते. ती हदीसमधली आहे. मौलवीसाहेब ती सांगतात तेव्हा त्यांचा रोख कष्टाकडे असतो. मागत बसू नका, कमवा आणि कमावलेले वाटा. ऐकणारे मात्र पुष्कळदा तिचा वेगळाच अर्थ घरी घेऊन जातात. देणारा तो मोठा आणि घेणारा तो लहान, अशी एक उतरंड मनात तयार होते, आणि मग रमजानच्या महिन्यात जकातीसाठी दारात आलेल्या बाईला आपण आत येऊन बस म्हणत नाही. पैसे देतो, पण उंबऱ्यावरच.

आम्हाला यातला एक प्रश्न बरेच दिवस सोडत नाही. काल ज्याचा हात खाली होता त्याचाच आज वर आला, तर त्या हाताने काय लक्षात ठेवायचे? ज्याने सोसले आहे तो चांगला दाता होतो असे आपण सहज बोलून जातो. सोसल्यामुळे माणूस खरोखर दाता होतो का? आणि होत असेल तर सोसण्यातली नेमकी कोणती गोष्ट त्याला तसे करते?

प्रश्न हवेत राहू नये म्हणून तो रत्नागिरी तालुक्यातल्या हातखंब्याला नेऊन ठेवू. मुंबई-गोवा महामार्गावरचे हे गाव. रत्नागिरी शहराकडे जाणारा रस्ता इथे फुटतो, आणि रत्नागिरीहून कोल्हापूरला निघालेली गाडीही इथूनच पालीकडे वळते. त्यामुळे हातखंब्याचा तिठा म्हणजे रात्रंदिवस जाग. एस.टी., ट्रक, टँकर, आंब्याच्या हंगामात पेट्या लादलेले टेम्पो. रस्त्याच्या जिवावर जगणारी छोटी माणसे इथे पुष्कळ. गॅरेजवाला, पंक्चरवाला, चहावाला, वेल्डिंगवाला. आणि रस्ता जसा पोसतो तसा घेतोही. या पट्ट्यातल्या अपघातांच्या बातम्या रत्नागिरीच्या वर्तमानपत्रांना नवीन नाहीत.

या तिठ्यापासून थोडे आत, जांभ्या चिऱ्याच्या घरात, शिवणकाम करणारी एक बाई राहते असे धरून चालू. तिला नाव देत नाही, कारण ती आम्ही विचारासाठी उभी केली आहे. पण वाचणाऱ्याने आपला मोहल्ला आठवून पाहावा, ती तिथे सापडेल. नवरा ड्रायव्हर होता, महामार्गावरच गेला. इद्दतीचे चार महिने दहा दिवस तिने घरात काढले. पहिले तीन दिवस शेजारपाजाऱ्यांकडून जेवण आले, रीतच आहे. पुढे जमातीने काही महिने पैसे दिले. नुकसानभरपाईचा दावा रत्नागिरीच्या कोर्टात पडून राहिला. कोणीतरी जकातीतून शिलाई मशीन घेऊन दिले. ती गोधड्या शिवू लागली, मग ब्लाउज, मग पंजाबी ड्रेस, पिको-फॉल. पाच-सहा वर्षांनी घर सावरले. आणि मग एके दिवशी तिने बिस्किटांचा पत्र्याचा एक डबा वेगळा काढला. दर ब्लाउजमागे काही रुपये त्यात पडू लागले. त्या डब्यातून वाडीतल्या बापाविना पोरांचे गणवेश होतात, कोणाला रत्नागिरीच्या सरकारी रुग्णालयापर्यंत जायला भाडे मिळते, आणि कपाटात कफनासाठी पांढऱ्या कापडाचा तागा कायम असतो. पुरुषाला तीन कपडे, बाईला पाच, आणि त्याला शिवण घालायची नसते. आयुष्यभर शिवणाऱ्या बाईच्या हातून बिनशिवणीचे हे एवढेच काम होते. तिच्या डब्याला नाव नाही, पावतीपुस्तक नाही. एक वही आहे.

आता कोणी म्हणेल, यात प्रश्न कसला? चांगली बाई आहे, अल्लाह तिला अजर देवो. आम्हीही तेच म्हणू. पण ती चांगली आहे म्हणून विचार थांबवला तर आपल्याला तिच्याकडून काही शिकता येणार नाही, फक्त तिचा सत्कार करता येईल. आणि सत्कार करण्यात आपला समाज मागे नाही.

पहिली गोष्ट ही की सोसण्याने माणूस मऊच होतो असे मुळीच नाही. सोसलेली सासू सुनेला सोडत नाही, हे घरोघरी माहीत आहे. गरिबीतून वर आलेला माणूस गरिबाला सर्वांत जास्त उपदेश करतो: मी रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केला, तुला काय धाड भरली आहे? आखातात सत्तरीच्या दशकापासून आपली कोकणातली माणसे गेली, एका खोलीत दहा-दहा जण राहिली, आणि त्यांच्या पैशावर इथे घरे, मशिदी, शाळा उभ्या राहिल्या. त्यांतलेच काही जण परत आल्यावर गावातल्या मजुराला आळशी म्हणताना आम्ही ऐकले आहे. स्वतःच्या कष्टाची आठवण दुसऱ्याला मारायला दगड म्हणूनही वापरता येते. तेव्हा आपल्या शिवणवाल्या बाईला दाता केले ते नुसत्या दुःखाने नव्हे.

कुराणातली सूरह दुहा आपल्यापैकी अनेकांना तोंडपाठ असते, नमाजीत वारंवार वाचली जाते. तिच्यातल्या युक्तिवादाकडे मात्र आपले लक्ष कमी जाते. तिथे अल्लाह पैगंबरांना त्यांच्या गेलेल्या दिवसांची आठवण देतो. पोरकेपण, वाट न सापडणे, गरिबी, आणि त्यातून मिळालेला आधार. या आठवणीवरून पुढे काय सांगितले जाते? अनाथावर जोर करू नये आणि मागणाऱ्याला झिडकारू नये. अमुक इतके द्या, असा आकडा तिथे नाही. सगळा भर आहे तो वागणुकीवर. आम्ही काही आलिम नाही, पण एक वाचक म्हणून आम्हाला हे फार मोलाचे वाटते. ज्याने सोसले आहे त्याच्याजवळ इतरांपेक्षा जास्त पैसा असेलच असे नाही, जास्त दया असेल असेही नाही. पण त्याला एक गोष्ट खात्रीने माहीत असते: घेताना नेमके कुठे दुखते. दारात किती वेळ उभे ठेवले, मशीन देताना कितीजण फोटोत आले, जमातीच्या बैठकीत आपले नाव कोणत्या आवाजात उच्चारले गेले. हे ज्ञान पुस्तकातून मिळत नाही आणि ते वापरणे सक्तीचेही नाही. सासू ते ज्ञान जिथे दुखते तिथेच बोट ठेवण्यासाठी वापरते. शिवणवाली ते तिथे बोट पडू नये म्हणून वापरते.

पण ती ते कसे वापरते? इथे आम्हाला तिचा हुन्नर महत्त्वाचा वाटू लागतो. आपल्याकडे दानाचा विचार करताना दात्याचे मन पाहतात, नियत पाहतात. त्याचा धंदा पाहत नाहीत. वास्तविक मराठी मुसलमानांच्या तर आडनावांत आणि जमातींत धंदे बसलेले आहेत. मिस्त्री, अत्तार, तांबोळी, बागवान, मणियार, शिकलगार, पिंजारी, मोमीन. बांगडी भरणारा मणियार परक्या बाईचा हात हातात घेतो आणि तिला न दुखवता बांगडी चढवतो. पिंजारी लोकांच्या घरात बसून त्यांच्याच गादीतला कापूस पिंजतो. या कामांनी माणसाच्या स्वभावाला काही वळण लागत नसेल का?

शिवणकामाची सुरुवात मापापासून होते. टेप गळ्यात टाकून ती पोराला समोर उभे करते. उंची, छाती, बाही, गळा. सलवारीची किंवा पँटची उंची घ्यायची तर तिला खाली वाकावे लागते, पोराच्या घोट्याशी हात न्यावा लागतो. देणारीचा हात त्या वेळी खाली असतो, घेणारा पोरगा वर ताठ उभा असतो. ती विचारते, सैल हवा की बेताचा? खिसे किती? शिवाय ती वाढत्या अंगाचा शिवते, आत दोन बोटे कापड दाबून ठेवते, पुढच्या जूनमध्ये उसवून सोडायला. पैसे देऊन गेलेल्या गिऱ्हाइकाचा शर्ट आणि डब्यातून झालेला शर्ट खुंटीवर शेजारी टांगले तर कोणता कोणाचा हे ओळखता येत नाही. शाळेत त्या पोराला कोणी ओळखू शकत नाही, हीच त्या दानाची सगळी किंमत.

याच्या उलट काय होते तेही पाहू. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने ‘एक राज्य, एक गणवेश’ अशी योजना काढली. कापड एकदम घ्यायचे, शिलाई महिला बचत गटांकडून करून घ्यायची. हेतू वाईट नव्हता, बायकांना कामही मिळणार होते. पण गणवेश वेळेवर आले नाहीत, आणि जे आले त्यांबद्दल राज्यभर तक्रारी झाल्या. कोणाला तोकडे, कोणाला ढगळ. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये सरकारने निर्णय फिरवला आणि गणवेशाचे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिले. शिवणाऱ्या बायका तिथेही कसबी असतीलच. पण ज्या पोराचा शर्ट शिवायचा तो पोरगा त्यांच्यासमोर उभा नव्हता.

महापुरातही तेच. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण वाशिष्ठीच्या पाण्यात बुडाले. मदत चहूकडून आली, सर्व जातिधर्मांच्या तरुणांनी चिखल उपसला, त्याबद्दल आम्हाला अभिमान आहे. पण प्रत्येक महापुरानंतर जुन्या कपड्यांचे ढीगही येतात, त्यांत बटणे तुटलेले शर्ट असतात, कोकणातल्या जुलैत निरुपयोगी लोकरीचे कपडे असतात, आणि ते शेवटी रस्त्याच्या कडेला भिजत पडतात. देणाऱ्याच्या घरातली अडगळ कमी होते. दिल्लीच्या ‘गूंज’ या संस्थेने १९९९ पासून नेमके हेच दुखणे हाती घेतले. अंशू गुप्ता यांच्या या संस्थेत आलेले कपडे निवडले जातात, दुरुस्त होतात, कोणत्या भागात काय नेसतात हे पाहून पाठवले जातात, आणि गावाने स्वतःच्या गरजेचे एखादे काम केले की त्याचा मोबदला म्हणून दिले जातात. गुप्ता यांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. एवढी मोठी संस्था जे पद्धतशीरपणे करते ते आपली बाई टेपने करते.

आपल्या परंपरेत या मापाला आधार नाही असे कोणी समजू नये. हजरत दाऊद यांच्या हाती लोखंड मऊ केले गेले आणि ते चिलखते घडवू लागले, ही कथा कुराणात आहे. बादशाह असून ते हातच्या कमाईवर जगत, असे हदीस सांगते. त्या कुराणातल्या प्रसंगात त्यांना चिलखताच्या कड्यांचे माप नीट राखायला सांगितले आहे. नबीला आलेल्या आज्ञेत कडीचे माप! हजरत जकरिया सुतार होते, आणि हजरत इद्रीस पहिले शिंपी, असे लोकपरंपरा मानते.

जकातीच्या शास्त्रातही कारागिराची जागा ठरलेली आहे. कोकणातले आपण बहुतेक शाफई. शाफई पंथाचे तेराव्या शतकातले थोर इमाम नववी यांनी लिहून ठेवले आहे की हुन्नर जाणणाऱ्या गरिबाला जकातीतून त्याच्या धंद्याची हत्यारे घेण्याइतके द्यावे, मग त्यांची किंमत थोडी असो वा पुष्कळ. म्हणजे आपल्या बाईला जकातीतून मशीन मिळाले ते कोणाच्या मेहरबानीने नव्हे. तो तिचा हक्क होता. आता हाच हक्क आपण ‘शिलाई मशीन वाटप समारंभ’ करून, मंडप घालून, पाहुण्यांच्या हस्ते देतो, आणि मशीनवर देणाऱ्याच्या नावाचा स्टिकर चिकटवतो. ती बाई पुढची दहा वर्षे त्या स्टिकरकडे पाहत ब्लाउज शिवते. सूरह बकरामध्ये उपकाराची आठवण करून देऊन आपला सदका फुकट घालवू नका, अशी स्पष्ट ताकीद आहे. स्टिकर रोज आठवण करून देतो, तोंडाने बोलण्याचीही गरज पडत नाही.

येथे एक आक्षेप घरातूनच येईल. तिची स्वतःची दोन पोरे शिकायची आहेत, घराचे कौल गळते आहे, आणि ही डबा घेऊन बसली आहे. आधी घर, मग गाव. हा आक्षेप आम्हाला क्षुद्र वाटत नाही. पैगंबरांच्या काळात मदीनेत हा प्रश्न एका बाईनेच विचारला होता. सहाबी अब्दुल्लाह इब्न मसऊद यांची पत्नी. बहुतेक ठिकाणी तिचे नाव जैनब येते, काही ठिकाणी राइता. ती हातकाम करून कमावत असे, नवऱ्याजवळ फारसे काही नव्हते, आणि घरात पोरकी मुलेही होती. या लोकांवर मी खर्च करते तो सदका धरला जाईल का, असे तिने विचारले. उत्तर असे आले की तिला दुहेरी अजर आहे, एक नात्याचा आणि एक सदक्याचा. आम्हाला या उत्तराइतकाच तो प्रश्न महत्त्वाचा वाटतो. कमावती बाई हिशेब विचारते आहे आणि तिला कोणी गप्प करत नाही. आपली शिवणवाली घरच्या पोरांची फी आधी भरते आणि मग डब्यात टाकते, तेव्हा ती दान कमी करत नसते. तिच्या वहीत दोन्ही खर्च एकाच शाईने लिहिलेले असतात.

दुसरा आक्षेप बाहेरून येतो, आणि तो नाजूक आहे. डबा कोणासाठी? हातखंबा म्हणजे मिश्र वस्ती. मशीनसमोर उभा राहणारा पोरगा बौद्धवाडीतला असतो, कुणब्यांचा असतो, मोहल्ल्यातला असतो. जकात मुसलमान गरिबालाच, असे आपले फकीह बहुतेक मानतात; नफली सदक्याला मात्र असे कुंपण नाही. म्हणून तिने दोन डबे करावेत, असे कोणी सुचवेल, आणि ते शास्त्राला धरूनच आहे. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन तोळे चांदी एवढी निसाब तिच्याकडे आहे कुठे? धंद्याचे मशीन तर जकातीच्या हिशेबात धरतच नाहीत. तिच्या डब्यातला स्वतःच्या कमाईचा पैसा हा सगळा सदकाच. दुसऱ्या कोणी जकात म्हणून आणून दिली तरच दुसरा डबा लागेल. कुराणात गरीब आणि अनाथ यांच्या जोडीने कैद्यालाही जेवू घालणाऱ्यांची वाखाणणी आहे, आणि तेव्हाचा कैदी म्हणजे बहुतेक वेळा युद्धात हरलेला विरोधक. हजरत उमर यांनी भीक मागणाऱ्या एका वृद्ध यहुद्याला पाहिले आणि बैतुलमालातून त्याची सोय लावून दिली, हे इमाम अबू यूसुफ यांनी नोंदवले आहे. आज वातावरण असे आहे की मुसलमान बाईने दुसऱ्या वाडीतल्या पोराला शर्ट शिवून दिला तर त्यातही कोणी हेतू शोधील, आणि आपल्यातलेही काही विचारतील, त्यांचे त्यांना आहेत की! याच महामार्गावर नाणीजच्या नरेंद्राचार्य महाराजांच्या संस्थानाच्या रुग्णवाहिका विनामूल्य धावतात. अपघातात पडलेल्याचा धर्म त्या गाडीत कोणी विचारत नाही. मग शर्टाला कशाला विचारायचा?

रत्नागिरीचेच आणखी एक नाव या संदर्भात घ्यायला हवे. भागोजीशेठ कीर. भंडारी समाजातल्या गरीब घरचा मुलगा, लहानपणी मुंबईला गेला, सुतारकामापासून सुरुवात केली आणि पुढे मोठा कंत्राटदार झाला. रत्नागिरीचे पतितपावन मंदिर त्यांच्या पैशाने १९३१ मध्ये उभे राहिले. त्यामागे प्रेरणा सावरकरांची होती. सावरकरांच्या राजकारणाशी आमचे मतभेद आहेत आणि ते राहतील, पण तो विषय येथे नाही. आम्हाला दिसतो तो कीरांचा हात. देवळाच्या पायऱ्यांवर जातीने माणसाला कुठे थांबवतात हे ज्याला माहीत होते त्याने जे देऊळ बांधले ते अस्पृश्यांसह सर्व हिंदूंना उघडे. मुंबईत दादरची स्मशानभूमीही त्यांच्याच दानातून झाली. त्यांनी पैसा कुठेही दिला असता. दिला तो जिथे दुखते हे ठाऊक होते तिथे. अर्थात इथे एक फरकही आहे. सुतार कंत्राटदार झाला की त्याचे दान मोठे होते, त्याचे पुतळे होतात, आणि घेणारा त्याच्या नजरेसमोर उभा राहत नाही. मोठ्या दानाची ही किंमत असते आणि ती मोजणे भागच असते, कारण स्मशानभूमी काही बिस्किटांच्या डब्यातून होत नाही.

आपल्या बाईचा डबा छोटाच राहावा का, हा प्रश्न त्यातूनच निघतो. जाणकार तिला सांगतील, संस्था कर, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी कर, विश्वस्त नेम, ऑडिट करून घे. पैसा दुसऱ्यांकडून घेऊ लागली तर हे सारे केलेच पाहिजे. नियत साफ आहे म्हणून हिशेब नको, असे म्हणणाऱ्यांनी आपल्या समाजातल्या कितीतरी संस्थांचे वाटोळे केले आहे. वही आहे हे म्हणूनच बरे. पण नोंदणीबरोबर अर्ज येतो, अर्जाबरोबर उत्पन्नाचा दाखला, दाखल्याबरोबर रांग, आणि रांगेत उभ्या असलेल्या बाईला पाहून ओळखीचे कोणीतरी विचारते, तू इथे कशी? जिथे शंभर मुलांना द्यायचे आहे तिथे रांगेवाचून गत्यंतर नाही. जिथे सात मुलांना द्यायचे आहे तिथे रांग लावणे हा शुद्ध अपमान आहे. आम्ही तिला सातावरच थांब असे सांगू.

मात्र छोट्या डब्याचे कौतुक करता करता सरकारला मोकळे सोडता कामा नये. गणवेश हा पोराचा हक्क आहे. महामार्गाचे चौपदरीकरण वर्षानुवर्षे रेंगाळते, वळणे जीवघेणी राहतात, आणि मग कफनाचा तागा कोणाच्या तरी कपाटात ठेवावा लागतो. १०८ क्रमांकाची सरकारी रुग्णवाहिका २०१४ पासून आली, ती लोकांनी मागितली म्हणून नव्हे तर ते सरकारचे कामच होते म्हणून. दानाने हक्काची जागा घेतली की घेणाऱ्याचा हात कायमचा खाली राहतो.

आता शेवटचा मुद्दा, जो आम्हाला सर्वांत अवघड वाटतो. घेण्याची लाज ज्याने भोगली आहे तो पुढे इतक्या घाईने देऊ लागतो की त्या घाईत एक पळ काढणेही असते. पुन्हा कधी कोणासमोर हात पसरायचा नाही, या हट्टातून डबा भरत राहतो. बाई आजारी पडते, पावसाळ्यात काम नसते, आणि शेजारीण भाजी-भाकरी घेऊन येते तेव्हा ही म्हणते, आमच्याकडे आहे. देणारीने घेणे नाकारले की तिच्या देण्याची चवच बदलते. ज्यांना ती देते त्यांनाही मग कळते की घेणे ही काही चांगली अवस्था नाही. तीच तर ती टाळते आहे.

इब्न बतूता १३३० च्या सुमारास अनातोलियात, आजच्या तुर्कस्तानात, फिरत होता. हा तोच प्रवासी जो नंतर आपल्या पश्चिम किनाऱ्याने गोवा, होनावर पाहत गेला. अंताल्या शहरात जुनेर कपड्यांतला, डोक्याला नमद्याची टोपी घातलेला एक माणूस त्याच्याकडे आला आणि तुम्ही सर्वांनी माझ्याकडे जेवायला या म्हणाला. एवढ्या लोकांना हा कसा जेवू घालणार, असे बतूताला वाटले. चौकशी केल्यावर कळले की तो चांभार आहे, आणि निरनिराळ्या धंद्यांतल्या सुमारे दोनशे कारागिरांनी त्याला आपला पुढारी निवडला आहे. त्यांनी मिळून मुसाफिरांसाठी एक जागा बांधली होती. दिवसभर जे कमवायचे ते संध्याकाळी तिथे आणायचे आणि रात्री सर्वांनी मिळून खर्चायचे. या लोकांना अखी म्हणत. आम्हाला यात आवडते ते हे की मुसाफिराला वाढून ते कारागीर बाजूला उभे राहत नसत. त्याच दस्तरख्वानावर तेही बसत. चांभाराने आज आणले, उद्या त्याला काम मिळाले नाही तर तोही तिथेच जेवणार. अशा जागी वरचा हात कोणाचा आणि खालचा कोणाचा हे सांगणे कठीण होते.

हातखंब्याच्या डब्याला अखींची ही एक रीत हवी: डबा ठेवणारीलाही त्यातून घेता यावे, आणि ते वहीत लिहिलेले असावे. आज तो शब्द उच्चारला तरी ती कानावर हात ठेवील.

तिला आम्ही उम्मुल मोमिनीन जैनब बिन्त जहश यांची गोष्ट सांगू. पैगंबरांच्या या पत्नी कातडी कमावत, शिवत, आणि त्यातून येणारा पैसा गरजूंना वाटून टाकत. पैगंबरांच्या सर्व पत्नींत दानाच्या बाबतीत त्यांचा हात लांब मानला गेला. खलीफा उमर यांच्याकडून वर्षासनाची मोठी रक्कम आली तीही त्यांनी लगेच वाटली. हिजरी सन २० मध्ये त्यांचा अंतकाळ जवळ आला. आपले कफन त्यांनी स्वतःच तयार करून ठेवले होते. तेव्हा त्यांनी सांगितले की उमरही बहुधा कफन पाठवतील. पाठवले तर दोन्हींपैकी एक सदका करून टाका. उमर यांनी बैतुलमालातून कपडे पाठवले. जैनब यांना त्याच कपड्यांत दफन केले गेले, आणि त्यांनी स्वतः तयार केलेले कफन त्यांच्या बहिणीने, हमना यांनी, सदक्यात दिले.